जप्तीचं कपाट

आमच्या शाळेच्या फाटकातून आत येताना मुलं मला नमस्कार करत नाहीत, खिसे दाखवतात. बाजारात किंवा लग्नाच्या पंगतीत समोर आली, तरी एखाद्याचा हात आपसूक खिशावर जातो. जुन्या जालन्यातल्या एका अनुदानित शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि काही वर्षांपासून पर्यवेक्षक आहे. पर्यवेक्षक म्हणजे मुख्याध्यापकांच्या खालचा आणि बाकी शिक्षकांच्या डोळ्यांत खुपणारा माणूस. रजेवर गेलेल्याच्या वर्गावर दुसऱ्याला पाठवायचं, भांडणं सोडवायची, शिस्त राखायची. आणि शिस्त म्हणजे आताशा फक्त फोन. मुलांनी माझं नाव ‘जप्ती सर’ ठेवलंय. बरेच दिवस मला ते नाव आवडतही होतं, हे आधीच सांगून टाकतो.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘शाळेतल्या गमती’ मागितल्या. गमती आहेत, त्या देतो. पण त्या संपल्यावर जे सांगायचंय त्यात गंमत नाही. ते छापायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं.

फोन शोधणं ही एक विद्या आहे. नवशिका शिक्षक दप्तर उपसतो. दप्तरात फोन ठेवणारं मूल मूर्ख असतं, आणि आमच्याकडे मूर्ख मुलं फार नाहीत. फोन दोन मोज्यांच्या मध्ये असतो. डब्यात पोळ्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत असतो. एकाने जाड गाईडच्या पानांना मधोमध चौकोनी भोक पाडून त्यात बसवला होता. ते गाईड इतिहासाचं होतं, म्हणून वर्षभर कुणी उघडून पाहिलं नव्हतं. मी मुलांच्या खिशाकडे बघत नाही, चालण्याकडे बघतो. ज्याच्याकडे फोन आहे तो फाटकातून जरा जास्तच मोकळा चालतो, आणि गुरुजींकडे बघून हसतो. आठवीतलं मूल सकाळी सातला आपणहून हसत असेल, तर काहीतरी लपलेलं आहे हे नक्की समजावं.

फाटकासमोर भजी तळणाऱ्या एकाने तर मुलांचे फोन सांभाळण्याचा जोडधंदाच सुरू केला होता. बेसनाच्या डब्यात फोन ओळीने उभे. मी जाऊन झापलं, तर म्हणाला, “सर, तुमी बी तेच करता. तुमी कपाटात ठेवता, मी डब्यात ठेवतो. माझ्याकडून निदान वापस तरी भेटतो.” त्या वेळी मला त्याचा राग आला होता.

मग मनगटावरची घड्याळं आली. वरून घड्याळ आणि आतून फोन. एकदा नववीच्या वर्गावर विद्युतरोध शिकवत होतो. घसा ताणून, फळा भरून शिकवलं आणि विचारलं, “समजलं का?” वर्ग गप्प. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका बाईचा गोड आवाज आला, “माफ करा, मला हे समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा.” एका बियाणे व्यापाऱ्याच्या मुलाचं घड्याळ बोललं होतं. वर्ग लोळून हसला. मीही हसलो, कारण सबंध वर्गात तेवढा एकच जीव खरं बोलला होता. घड्याळ मात्र जप्त केलं. संध्याकाळी त्या मुलाचे वडील आले. “सर, आता वेळ बघायला बी बंदी का हो?” मी म्हणालो, “काट्याचं घालू द्या.” ते म्हणाले, “काट्याचं त्याला वाचता येत न्हाई.” हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं की कौतुक म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

गमती इथे संपल्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वर्गात फोन नको, या मताचा मी आजही आहे. रात्रभर खेळून पहिल्या तासाला मान टाकणारी मुलं मी रोज बघतो. एका बाईंचं बोलणं चोरून चित्रित करून मुलांनी त्याला गाणं लावलं होतं. त्या बाई आठवडाभर शाळेत आल्या नव्हत्या. बंदी हवीच. माझा संताप आहे तो बंदी घालणाऱ्यांवर, आणि त्यात मी पहिला.

आमची शाळा चालतेच फोनवर. गृहपाठ ग्रुपवर, चाचणीचं वेळापत्रक ग्रुपवर, सुट्टीची सूचना ग्रुपवर. ‘विद्यार्थ्यांनी मोबाईल वापरू नये’ ही सूचनासुद्धा मी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरच टाकली होती आणि खाली मुलांनी अंगठे दाखवले होते. आम्ही शिक्षक वर्गात उभे राहून हजेरी फोनवर भरतो, खिचडीचा फोटो काढून पाठवतो, झाड लावल्याचा फोटो पाठवतो, झाड जगल्याचाही पाठवतो. समोरची मुलं बघत असतात. मग आम्ही फोन खिशात घालतो आणि एकाग्रतेवर बोलतो.

नियम असा होता. सापडलेला फोन किंवा तसलं घड्याळ जप्त करून माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवायचं. मुलाने माफीनामा लिहायचा, ‘मी परवानगीशिवाय मोबाईल आणला, ही माझी चूक आहे.’ खाली पालकाची सही घ्यायची. सकाळी मैदानावर प्रार्थना, प्रतिज्ञा आणि सुविचाराचा जो परिपाठ होतो, त्यात तो माफीनामा सगळ्यांसमोर वाचायचा. मग फोन परत. ज्यांनी माफीनामा दिला नाही त्यांची नावं मी रोज परिपाठात पुकारायचो, आणि त्यांनी पुढे येऊन उभं राहायचं. ही शेवटची कल्पना माझी.

गेल्या हिवाळ्यात, गहू-हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत, वरून हुकूम आला. प्रत्येक विद्यार्थ्याचं ऑनलाइन ओळखपत्र तातडीने तयार करा. त्यासाठी आधारला जोडलेल्या फोनवर एक आकडा येतो, तो संगणकात भरायचा. पालक कामाला गेलेले असतात, त्यांना शाळेत बोलावणार कसं? मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहाचा कप हातात धरून मीच सगळ्या वर्गशिक्षकांना सांगितलं, “मुलांना सांगा, उद्या घरातला आधारला जोडलेला फोन घेऊन या.”

नववीच्या जाधव मॅडमनी विचारलं, “सर, आणि फाटकावर?”

“फाटकावर मी आहे ना,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर माझ्या आधी संस्थेचे अध्यक्ष उभे होते. शेजारी फोटो काढणारा. कुठल्याशा सभेत दुसऱ्या एका शाळेच्या मोबाईलबंदीचं कौतुक झालं होतं, ते त्यांना लागलं होतं. “काय सर,” ते म्हणाले, “आज आपण झाडून सगळे गोळा करू. टेबल लावा. हिरवं कापड टाका त्याच्यावर.”

एवढंच म्हणायचं होतं मला, “साहेब, आज मीच आणायला सांगितलेत.” पण मुख्याध्यापक निवृत्तीला आले होते आणि त्या खुर्चीसाठी माझं नाव अध्यक्षांच्या संमतीवर अडलेलं होतं. (ती खुर्ची पुढे मला मिळाली नाही. त्याचं रडगाणं इथे गाणार नाही.) मी टेबल लावलं.

त्या दिवशी विद्येची गरजच पडली नाही. मुलं फोन हातात घेऊन येत होती. काही तर लांबूनच दाखवत होती, “सर, आणला!” मी एकेक घेऊन हिरव्या कापडावर मांडत होतो. मुलं गोंधळली. कुणीतरी म्हणालं, “सर, मॅडमनी सांगितल्तं.” मी म्हणालो, “मधे बोलायचं नाही.” सातवीतली एक पोर रडायला लागली, तिलाही मी तेच म्हणालो. अध्यक्षांचा नातू आठवीत आहे, त्याच्या मनगटावरचं घड्याळ शिपायाने उतरवून टेबलावर ठेवलं. फोटो झाला. अध्यक्षांनी तो तिथेच आपल्या फोनवरून सगळीकडे पाठवला. मधल्या सुट्टीच्या आत नातवाचं घड्याळ परत गेलं. “घड्याळच आहे ते,” मुख्याध्यापक म्हणाले. माफीनाम्याचं नाव कुणी काढलं नाही.

आता पुढचं नीट ऐका. फोन कपाटात, पण ओळखपत्राचं काम संध्याकाळपर्यंत झालंच पाहिजे होतं. जाधव मॅडम संगणकावर एकेका मुलाचं नाव भरायला लागल्या, आणि आकडे बंद कपाटात येऊन पडायला लागले. टिंग. टिंग. टिंग. मॅडम दारात येऊन म्हणाल्या, “सर, आकडे कपाटात येऊन राह्यलेत. मी काय करू?”

मी कपाट उघडलं. मुलांना एकेक करून बोलावलं, ज्याच्या त्याच्याकडून फोनचं कुलूप काढून घेतलं, पडद्यावरचा आकडा मॅडमना ओरडून सांगितला आणि फोन पुन्हा कपाटात ठेवला. ज्या कामासाठी फोन आणायला लावले, ते काम त्याच फोनवर करून घेतलं. आणि मग ते फोन आणल्याबद्दल मुलांना माफी मागायला लावली. हे मी केलं. दिवसभर बसून, घाम पुसत, मन लावून केलं.

नववीतली अल्फिया तेव्हा माझ्या टेबलासमोर उभी होती. हुशार, किडकिडीत, प्रश्न विचारून जीव नकोसा करणारी मुलगी. तिच्या फोनवरचा आकडा भरून झाला. ती म्हणाली, “सर, काम झालं ना? आता फोन देता का? अब्बांना लागतो.”

“माफीनामा लिहून आण, मग मिळेल.”

“कशाचा माफीनामा?”

“फोन आणल्याचा.”

“पण सर, आत्ता तुम्ही त्याच्यावरच काम केलं.”

मागे उभी असलेली मुलं हसली. मी म्हणालो, “उद्धटपणा करायचा नाही. पुढचा कोण?”

बाकीच्या सगळ्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत माफीनामे आणले. सुंदर अक्षरात, समास सोडून. कुणीही वाद घातला नाही. रोज सकाळी परिपाठात पोरं एकामागे एक वाचत गेली, ‘ही माझी चूक आहे, ही माझी चूक आहे,’ आणि फोन घेऊन गेली. शेवटी पुकारायला एकच नाव उरलं. मी ते रोज पुकारत होतो आणि अल्फिया रोज पुढे येऊन सगळ्या शाळेसमोर उभी राहत होती.

तिचे वडील शकील मिस्त्री. जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरून देतात, म्हणजे आतली जळकी तार काढून तांब्याची नवी तार गुंडाळतात. जुन्या जालन्यात त्यांचं लहानसं दुकान आहे, पण गिऱ्हाईक सगळं खेड्यांत. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेट्यांवर त्यांचा नंबर ऑइलपेंटने लिहिलेला असतो. मोटार बंद पडली की शेतकरी पेटीवरचा नंबर फिरवतो. तो नंबर आता माझ्या कपाटात होता.

पहिले दोन दिवस तो फोन सारखा वाजत होता. साधी घंटी, जुन्या फोनसारखी. मी नववीच्या वह्या तपासत बसलेलो आणि पाठीमागे कपाट वाजतंय. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. विहिरीवर उभा असलेला कुणीतरी माणूस मला हाका मारत होता आणि मी लाल शाईने बरोबरच्या खुणा करत होतो. मग बॅटरी संपली आणि कपाट गप्प झालं. मला हायसं वाटलं. हेही लिहायलाच हवं.

मिस्त्री आले ते कामावरूनच, हाताला काळं ग्रीस. मुख्याध्यापकही माझ्या खोलीत येऊन बसले. अल्फियाला वर्गातून बोलावलं.

“सर,” मिस्त्री म्हणाले, “पोरीनं चोरून न्हाई आनला. मीच दिला. ती बोलली, मॅडमनी मंगवला. मी बोललो घेऊन जा, दुपारपर्यंत वापस आन. आता दिवस कोनते चालू आहेत तुमाला म्हाईत आहे. तिकडं लाइट आली की इकडं मोटारी जळतात. माझा धंदाच ह्या दोन महिन्यांचा.”

मुख्याध्यापक म्हणाले, “मिस्त्री, नियम सगळ्यांना सारखा असतो.”

“अध्यक्षसाहेबांच्या नातवाचं घड्याळ त्याच दिवशी दिलं, सर,” अल्फिया म्हणाली.

“बघा, ही भाषा आहे तुमच्या मुलीची.”

मिस्त्री घाईने म्हणाले, “फोन ठेवा सर, बिलकुल ठेवा. कमसे कम सिम तरी द्या. ते माझ्या वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, दुसरं काढता येत न्हाई.”

“जप्त वस्तू जशीच्या तशी राहते,” मुख्याध्यापक म्हणाले. “आणि एवढं कशाला? दोन ओळी लिहायच्यात. हात झिजतो का पोरीचा?”

मिस्त्रींनी मुलीकडे पाहिलं. “लिख दे बेटा. दो लाइन. अब्बा के वास्ते.”

अल्फियाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. “अब्बा, आप खुदीच बोलते ना, जली नहीं तो जली नहीं बोलना.”

मला त्यातली खोच कळली नाही म्हणून मी विचारलं, “काय म्हणते ती?”

“सर, आमच्या धंद्यात असं चालतं,” ते हळूच म्हणाले. “मोटार बंद पडली की शेतकरी घाबरतो. कदी नुसता कंडेन्सर जातो, पन मिस्त्री बोलतो मोटार जळली, पूरी भरावी लागंल. मी तसं न्हाई करत. जळली न्हाई तर जळली न्हाई सांगतो. हे मी पोरीसमोर बोलत असतो, मोठेपना करत.” त्यांनी हातावरचं ग्रीस पॅन्टला पुसलं आणि उठले. “आता तिला लिव कसं म्हनू मी? ठेवा फोन.”

जाधव मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची नोकरी नवी, अजून कायम झालेली नाही. त्या बोलल्या नाहीत, त्याचा दोष मी त्यांना देत नाही. बोलायचं मी होतं. मी खिडकीतून मैदानाकडे बघत राहिलो, जणू मैदानावर काही महत्त्वाचं चाललंय.

त्यानंतर काही दिवसांनी भर दुपारी शाळेत एक धोतरवाला म्हातारा आला. डोक्याला रुमाल, पायाला चिखल. शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभा राहून विचारायला लागला, “जप्तीवालं कपाट कोनतं?”

“आजोबा, कुणाचे पालक तुम्ही?” मी विचारलं.

“कुनाचा न्हाई. मी कडूबा, धावड्याचा. शकील मिस्त्रीकडं आल्तो. दुकानाला कुलूप. शेजारचा बोलला, मिस्त्री गावोगाव फिरून काम हुडकून राह्यला, फोन शाळेच्या कपाटात हाय. मंग म्हणलं कपाटालाच इचारावं, माझी मोटार कवा वर काढतो.”

खोलीत हशा पिकला. कडूबा हसला नाही.

“हसा की. तिकडं हरभरा सुकून राह्यला अन तुमी इकडं फोनाला शिस्त लावून राह्यले. काय केल्तं त्यानं? कॉपी केल्ती का?”

मी म्हणालो, “आजोबा, जालन्यात दुसरे मिस्त्री आहेत की.”

“हायेत ना. मोटार हिरीतून वर यायच्या आदीच जळाली म्हणत्यात. ह्यो एकच हाय, जो आत बघून सांगतो.” त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुमी मास्तर ना? मंग तुमी बी जरा आत बघून सांगत जा.”

तो गेला. बाकीचे बराच वेळ हसत होते. मला मात्र तिथे बसवेना.

शाळा सुटल्यावर मी कपाट उघडून तो फोन खिशात घातला आणि मिस्त्रींच्या दुकानावर गेलो. कुणाला विचारलं नाही. ते नुकतेच बाहेरून आले होते. फोन हातात घेऊन त्यांनी चार्जरला लावला आणि माझ्यासाठी स्टूल पुसलं. “बसा सर, चाय मंगवतो.” त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पडदा उजळला आणि चुकलेल्या हाकांची रांग सरकायला लागली. त्यातल्या बऱ्याच विहिरींवर एव्हाना दुसरे मिस्त्री जाऊन आले असणार. मिस्त्री ते बघत होते, मी चहाच्या ग्लासाकडे बघत होतो.

दुकानाच्या मागेच घर आहे. अल्फिया पडदा सारून बाहेर आली.

“सर, माफीनामा?”

“नको तो. झालं ते.”

“झालं कसं?” ती म्हणाली. “परिपाठात रोज माझं नाव घेतलं तुम्ही. मुलं मला चोर म्हणतात, सर. फोन तुम्ही दुकानात आणून दिला. नाव कुठे परत देणार?”

“अल्फिया!” मिस्त्री दरडावून म्हणाले.

मी म्हणालो, “परिपाठात सांगतो. सगळ्यांसमोर.”

आणि सांगितलं नाही. फोन परस्पर दिल्याबद्दल मुख्याध्यापकांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आणि वर समजावलंही, “फोन गेला ना? मिटलं. आता माती उकरू नका.” अध्यक्षांचा फोन आला, अगदी प्रेमाने, “सर, शाळेची अब्रू म्हणजे आपलीच अब्रू.” मी ठरवलं सोमवारी सांगू. सोमवारी पाहुणे होते. मग चाचणी आली, मग स्नेहसंमेलन. नाव पुकारणं तेवढं थांबवलं आणि तेच पुरेसं आहे असं स्वतःला समजावलं. वर्गात प्रश्न विचारून भंडावणारी मुलगी आता हजेरीला ‘हजर’ म्हणायची आणि मग तास संपेपर्यंत एक शब्द नाही. मी विद्युतचुंबक शिकवला, तारेचं वेटोळं गुंडाळून दाखवलं. तिच्या घरी रोज होणारं काम ते. तिने मान वर केली नाही.

अशात फाटकावर सहावीतला एक पोरगा सापडला. जास्तच मोकळा चालत होता. मी हात पुढे करताच त्याने मोज्यातून फोन काढून दिला आणि दुसऱ्या खिशातून एक घडी केलेला कागद.

“हे काय?”

“माफीनामा, सर. पप्पांची सही बी हाय. घरूनच लिहून आणतो मी. रोज खिशात असतो.”

“रोज?”

“हो सर. सगळेच ठेवतात. ज्याचं अक्षर चांगलं हाय तो दुसऱ्यांना बी लिहून देतो.” हे तो इतक्या सरळपणे सांगत होता, की गृहपाठ दाखवतोय असं वाटावं. वर विचारलं, “सर, तारीख टाकायची राहिली. टाकू का?”

बावीस-पंचवीस वर्षं मी मुलांना शिकवतोय, प्रयोगाचं निरीक्षण जसं दिसलं तसंच लिहा, पुस्तकातलं उत्तर उतरवू नका. आणि ‘ही माझी चूक आहे’ हे वाक्य मी या मुलांसाठी फाटकाची पावती करून ठेवलं होतं. आमच्या शाळेत खोटं लिहिणाऱ्याला त्याची वस्तू परत मिळत होती आणि खरं बोलणारीला रोज सगळ्यांसमोर उभं राहावं लागत होतं. ही व्यवस्था कुणा अध्यक्षाने लादलेली नव्हती. माझ्या खोलीत, माझ्या डोक्यातून निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सुविचार सांगून झाल्यावर मी माइक घेतला. मोठं भाषण केलं नाही, मला ते जमतही नाही. म्हणालो, “ओळखपत्राच्या दिवशी फोन आणायला मी सांगितलं होतं. मुलांनी सांगितलेलं केलं. फाटकावर मी ते कबूल केलं नाही, कारण मी घाबरलो. नववीची अल्फिया खरं बोलत होती. तिला मी तुमच्यासमोर रोज उभं केलं. तिची चूक नव्हती. माझी होती.”

मुख्याध्यापकांनी शिपायाला खुणेने माइक बंद करायला सांगितला, पण तोही तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता. मी नववीच्या ओळीकडे पाहिलं. अल्फिया समोर बघत ताठ उभी होती, बाकीच्यांसारखीच. तिच्या पुढची मुलगी मागे वळून तिच्याकडे बघायला लागली, मग तिच्या पुढचा मुलगा, मग अख्खी ओळ. गाण्याच्या सरांनी घाईघाईत प्रतिज्ञा सुरू केली.

खोलीत येऊन बसलो, तर दारात आठवीतला एक मुलगा. त्याच्या मागे आणखी दोघं-तिघं.

“काय रे?”

“सर, मंग आमचे माफीनामे वापस द्या.”

“कसले?”

“त्या दिवशीचे. आम्ही बी चूक केली नव्हती ना? तरी लिहिलं. ते खोटं हाय. ते तुमच्या फाइलीत नको.”

मागे मुलं वाढत होती. सातवीतली ती रडलेली पोर होती, नववीतली होती, अगदी पाचवीतलीही. मुख्याध्यापक गर्दीतून वाट काढत आले. “हे काय चाललंय? माफीनामे म्हणजे कार्यालयाचे कागद आहेत. ते असे देता येत नाहीत.”

“जळली न्हाई तर जळली न्हाई सांगायचं असतं, सर,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. अल्फियाने हे वर्गात कधी सांगितलं असेल, कोण जाणे.

मी कपाट उघडून फाइल काढली आणि नावं वाचायला लागलो. मुलं आपापला कागद घेत होती, अक्षर आपलंच आहे ना ते बघून घेत होती. एकाने तिथेच फाडून तुकडे खिशात भरले. एकीने घडी घालून कंपासपेटीत ठेवला. अल्फियाला न्यायला काहीच नव्हतं. तरी ती दारात उभी होती आणि ढकलाढकल करणाऱ्यांना म्हणत होती, “रांगेत या ना रे. लहान्यांना आधी घेऊ द्या.”

पहिल्या तासाची घंटा झाली. कुणी हललं नाही. मी पुढचं नाव वाचलं.